हॉस्पिटलातले साठ कॉम्प्युटर, एकटी मी, आणि एमडी-१०२

पत्र:

ताई, नमस्कार. मी सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये आयटीला आहे. आयटीला म्हणजे मी एकटीच. साठेक कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्ही, झालंच तर डॉक्टरांचे मोबाईल पण माझ्याकडेच येतात. बीसीए झालंय, सहा वर्षं हेच करते, दिवसभर या मजल्यावरून त्या मजल्यावर पळत असते. आता मॅनेजमेंट म्हणतंय की पुढच्या वर्षी सगळं मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर घ्यायचं, तर तू ते एंडपॉइंट ॲडमिनिस्ट्रेटरचं सर्टिफिकेशन (परीक्षा एमडी-१०२) कर, परीक्षेची फी आम्ही देतो. पण आमच्याकडे इंट्यून, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईल लांबून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा, नाहीच, तर प्रॅक्टिस कशावर करू? पुण्याचा एक क्लास ऐकूनच चक्कर येईल एवढी फी सांगतोय. एका मित्राने व्हॉट्सॲपवर प्रश्नांची पीडीएफ पाठवलीय, म्हणतो एवढं पाठ कर, बास झालं. इंग्रजी वाचता येतं पण हळू. मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे रात्री नऊनंतरच वेळ मिळतो. लॅपटॉपला ८ जीबी रॅम, विंडोज होम. सासूबाई म्हणतात एमएससीआयटी झालंय की तुझं, आता अजून कसली परीक्षा. चार महिन्यांत होईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

होईल. चार महिने पुरतात. पण ते पीडीएफवर घालवलेस तर नाही पुरणार, त्यावर पुढे येतेच.

तुझं ते 'या मजल्यावरून त्या मजल्यावर पळत असते' वाचलं आणि मला वाटतं तुझी खरी अडचण तिथंच आहे. सहा वर्षं तू मशीनपाशी जाऊन काम केलंस, पेनड्राइव्ह खिशात, कुणी फोन केला की जायचं, खुर्ची ओढायची, दुरुस्त करायचं आणि परत यायचं, आणि त्यात तुझा हात चांगला बसलेला असणार यात मला शंका नाही. या परीक्षेत मात्र जवळजवळ प्रत्येक प्रश्नात मशीन तुझ्यासमोर नसतंच. ते अक्कलकोटच्या शाखेत आहे नाहीतर कुण्या डॉक्टरांच्या घरी आहे, आणि तुला जागेवर बसून त्याला एक नियम पाठवायचाय, तर कुठला पाठवशील, कुणाकुणाला लावशील, आणि तो पोचला की नाही हे कसं बघशील. हाताला लागलेली ती सवय सोडायची, बाकी मग पाठांतर फार थोडं आहे.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. १००० पैकी ७०० लागतात, पण ते ७० टक्के नव्हेत, स्केल केलेला स्कोअर असतो, त्यामुळे किती प्रश्न बरोबर यायला पाहिजेत याचा हिशोब करत बसू नको. आधी एमडी-१०० आणि एमडी-१०१ अशा दोन परीक्षा होत्या, २०२३ मध्ये त्या जाऊन ही एकच आली. विषय मोटामोटी असे: मशीन ताब्यात कसं घ्यायचं, नवीन मशीनवर विंडोज कसं तयार करायचं, सेटिंग आणि अपडेट कसे सांभाळायचे, ॲप कसे पोचवायचे आणि सुरक्षा. मायक्रोसॉफ्ट लर्न या त्यांच्या शिकायच्या साइटवर याची स्टडी गाइड फुकट आहे, तिच्यात कुठल्या तारखेपासूनचा अभ्यासक्रम ते लिहिलेलं असतं, कारण तो मधूनमधून बदलतो. तिची प्रिंट काढ. हॉस्पिटलच्या प्रिंटरवर काढलीस तरी चालेल, काम त्यांचंच आहे.

आता ती पीडीएफ. उघड आणि बघ, त्यात 'अझ्युअर एडी' लिहिलंय का? युजर आणि मशीनची खाती सांभाळणाऱ्या त्या सेवेचं नाव २०२३ मध्येच 'एन्ट्रा आयडी' झालंय. 'एंडपॉइंट मॅनेजर' दिसतंय का? तेही नाव गेलं, आता नुसतं इंट्यून. म्हणजे तुझ्या मित्राने शिळं वाढलंय. आणि ताजं असतं तरी माझं उत्तर हेच होतं, कारण एक तर परीक्षेतले चोरलेले प्रश्न वापरणं मायक्रोसॉफ्टच्या नियमात बसत नाही, पकडलं तर सर्टिफिकेट काढून घेतात आणि पुढे परीक्षेला बंदी घालू शकतात. दुसरं म्हणजे असल्या पीडीएफमधली उत्तरं भरपूर ठिकाणी चुकीची असतात आणि ज्याला विषय येत नाही त्याला ती चूक कळत नाही. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, तुला पुढच्या वर्षी हॉस्पिटल क्लाउडवर न्यायचंय गं. त्या दिवशी आयसीयूचं मशीन लॉगिन घेईना झालं तर पीडीएफमधला प्रश्न नंबर २१४ काय कामाचा?

सराव प्रश्न हवेच असतील तर लर्नवर प्रॅक्टिस असेसमेंट आहे, फुकट, कितीही वेळा दे, आणि प्रत्येक उत्तराखाली का बरोबर का चूक ते लिहिलेलं असतं. ते खालचं वाच, मार्क नंतर बघ.

इंट्यून नाही म्हणतेस तर स्वतःचं घे. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियमची एक महिन्याची ट्रायल मिळते, त्यात इंट्यून येतं, एन्ट्रा आयडीचा पी१ प्लॅन येतो, म्हणजे कंडिशनल ॲक्सेस (कुणाला कुठल्या अटीवर आत घ्यायचं ते ठरवणारे नियम) पण करून बघता येतं. कार्ड नंबर मागतात, तेव्हा घेतल्या घेतल्या ऑटो रिन्यूअल बंद कर, हे विसरलीस तर पुढच्या महिन्यात बँकेचा मेसेज येईल. पण ही ट्रायल पहिल्याच दिवशी घेऊ नको! बरेच जण तेच करतात, उत्साहात पहिल्या रात्री सुरू करतात, मग घरात पाहुणे, मग मुलाला ताप, आणि लॉगिन न करताच महिना संपतो. पहिला सव्वा-दीड महिना नुसतं लर्नवरचं वाच, वहीत टिपणं काढ, लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, तयार करून ठेव आणि सगळं हाताशी आलं की मग ट्रायलचं बटण दाब, शक्यतो अशा महिन्यात की ज्यात घरी लग्नकार्य नाही आणि गड्ड्याची जत्रा नाही.

व्हर्च्युअल मशीनचं सांगते कारण तुझं विंडोज होम आहे. त्यावर हायपर-व्ही मिळत नाही, पण व्हर्च्युअलबॉक्स चालतं, ७.० च्या पुढचं घे कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि व्हर्च्युअलबॉक्सला ते ७.० पासून आलंय. आत टाकायला विंडोज ११ एंटरप्राइजची इव्हॅल्युएशन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवून घे, ९० दिवस चालते. ८ जीबी रॅम आहे म्हणजे एका वेळी एकच मशीन, त्याला ४ द्यायची, क्रोमच्या वीस टॅब बंद करायच्या आणि थोडी सबुरी. जमलं तर रॅम १६ कर, क्लासच्या फीपुढे तो खर्च काहीच नाही. एसएसडी नसेल तर मात्र आधी एसएसडी, त्याशिवाय रात्री नऊ ते अकरा तू नुसतं गोल फिरणारं चक्र बघत बसशील.

पहिला प्रयोग ऑटोपायलटचा, म्हणजे नवं मशीन सुरू होताच आपोआप संस्थेसाठी तयार होण्याचा, कर, कारण डोक्यातला खटका तिथंच पडतो. व्हर्च्युअल मशीन चालू केलं की देश आणि कीबोर्ड विचारणारा पहिला स्क्रीन येतो ना, तिथंच थांब, शिफ्ट आणि एफ१० दाब, काळी खिडकी उघडते. तिथून पॉवरशेलमध्ये जाऊन त्या मशीनचा हार्डवेअर हॅश (त्याची ओळख पटवणारा कोड) काढायची मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्ट आहे, 'गेट विंडोज ऑटोपायलट इन्फो' नावाची, ती चालवायची आणि तो हॅश इंट्यूनमध्ये चढवायचा. मग डिप्लॉयमेंट प्रोफाइल बनव, ग्रुपला लाव, आणि आता हात बांधून बस. त्या डिव्हाइससमोर प्रोफाइल स्टेटस आधी 'नॉट असाइन्ड' असतं, मग 'असाइनिंग' होतं, आणि 'असाइन्ड' व्हायला वेळ लागतो. इथं सगळ्यांचा धीर सुटतो. 'असाइन्ड' दिसायच्या आत मशीन पुढे ढकललं की घरच्या लॅपटॉपसारखा नेहमीचा सेटअप येतो आणि वाटतं आपलं काहीतरी चुकलं, चुकलेलं काही नसतं, घाई झालेली असते. थांबून रीस्टार्ट केलंस तर स्क्रीनवर तू ट्रायल घेताना टाकलेलं संस्थेचं नाव येतं आणि सरळ ऑफिसचा ईमेल मागतं. मग एनरोलमेंट स्टेटस पेज, त्यात तीन टप्पे, डिव्हाइस प्रिपरेशन, डिव्हाइस सेटअप, अकाउंट सेटअप, कुठल्या टप्प्यात काय होतं ते वहीत लिही, प्रश्न येतात. हा प्रयोग करायच्या आधी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेऊन ठेव म्हणजे परत परत पहिल्यापासून करता येतो. आणि २०२४ मध्ये ऑटोपायलट डिव्हाइस प्रिपरेशन म्हणून नवा प्रकार आलाय ज्यात हॅश आधी चढवावा लागत नाही, तोही वाच, दोन्हीत फरक काय ते समजून घे.

आता तुझं हॉस्पिटल कामाला लाव. म्हणजे हॉस्पिटलच्या मशीनवर प्रयोग कर असं म्हणत नाहीये, ते चुकूनही नको, परवानगीशिवाय एकही मशीन एनरोल करायचं, म्हणजे इंट्यूनमध्ये नोंदवायचं, नाही. पण एका आठवड्यात तुझ्याकडे येणाऱ्या तक्रारी वहीत लिही आणि प्रत्येकीसमोर लिही की इंट्यून असतं तर मी जागेवरून काय केलं असतं. बघ कसा अभ्यासक्रमच समोर येतो ते.

अकाउंटवाला नोकरी सोडून गेला, त्याचा लॅपटॉप दुसऱ्याला द्यायचाय. आत्ता तू काय करतेस, पेनड्राइव्ह लावून फॉरमॅट. तिथं पर्याय बरेच आहेत आणि परीक्षा त्यातच घोळ घालते. 'रिटायर' केलं तर संस्थेचं ते जातं आणि माणसाचं खासगी राहतं, म्हणून ते स्वतःच्या मालकीच्या डिव्हाइसला बरं. 'वाइप' म्हणजे फॅक्टरी रीसेट. 'फ्रेश स्टार्ट' कंपनीने आधीच भरून दिलेली फालतू ॲप काढतं. आणि 'ऑटोपायलट रीसेट' युजरच्या फाइल, ॲप आणि सेटिंग साफ करतं पण मशीन एन्ट्राला जोडलेलं आणि इंट्यूनमध्ये नोंदलेलंच राहतं, म्हणजे तुझ्या अकाउंटवाल्याच्या लॅपटॉपला हे चांगलं. पण हायब्रिड जॉइन, म्हणजे ऑफिसातल्या डोमेनला आणि एन्ट्राला दोन्हीकडे जोडलेल्या, मशीनला ते चालत नाही. हे शेवटचं वाक्य अधोरेखित कर, प्रश्न काढणारे अशीच अट मध्येच हळूच घालतात.

डॉक्टरांना स्वतःच्या मोबाईलवर हॉस्पिटलचा मेल पाहिजे, पण फोन तुझ्या ताब्यात द्यायला ते तयार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. तिथं फोन एनरोल करायची गरज नाही, ॲप प्रोटेक्शन पॉलिसी नुसत्या आउटलुकपुरती लागते, त्यातला मजकूर बाहेर व्हॉट्सॲपवर कॉपी होत नाही, आणि डॉक्टर सोडून गेले तर फक्त संस्थेचा डेटा पुसता येतो, त्यांच्या नातवंडांच्या फोटोला हात लागत नाही.

सगळ्या मशीनचा लोकल ॲडमिन पासवर्ड एकच आहे ना? असणारच, आणि तो संस्थेचं नाव, ॲट द रेट, १२३ असाच काहीतरी असणार. त्याला विंडोज लॅप्स आहे, प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड, आपोआप बदलत राहणारा, एन्ट्रामध्ये साठवलेला. एखादं मशीन अचानक निळा स्क्रीन दाखवून ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागतं ते बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप, आणि ती की आधीच एन्ट्रामध्ये जमा होईल अशी पॉलिसी लावलेली असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर सगळा डेटा गेला म्हणून समज.

ओपीडीच्या ऐन गर्दीत अपडेट सुरू होऊन मशीन रीस्टार्ट झालं, बाहेर पेशंटची रांग आणि सगळे तुझ्या नावाने शंख करायलेत. हे अपडेट रिंगचं, म्हणजे कुठल्या गटाला अपडेट कधी द्यायचे ते ठरवण्याचं, काम. महिन्याचे सुरक्षा अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी निघतात म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री येतात. क्वालिटी अपडेट (हेच महिन्याचे) जास्तीत जास्त ३० दिवस लांबवता येतात आणि फीचर अपडेट (विंडोजची नवी आवृत्ती) ३६५ दिवस, हे दोन आकडे पाठ कर, पाठ करण्यासारखं जे थोडं आहे त्यातलं हे. कागदावर तीन रिंग आख, पहिल्यात तुझं स्वतःचं आणि ऑफिसमधली दोन-तीन मशीन, मग बिलिंग-रिसेप्शन, आणि शेवटी आयसीयू, ओटी. जाता जाता, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तुझ्या साठातली किती अजून त्यावर आहेत आणि त्यातल्या कितींना टीपीएम २.० आहे याची यादी आजच करायला घे, क्लाउडवर जायच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच येणार. आणि लॅबमधल्या तपासणीच्या यंत्राला जोडलेलं ते जुनं विंडोज ७ असेलच एखादं कोपऱ्यात, ते इंट्यूनमध्ये येत नाही, त्याला नेटवर्कपासून बाजूला ठेवायचं बघ.

एका जागी जरा जास्त वेळ दे, कॉन्फिगरेशन, कम्प्लायन्स आणि कंडिशनल ॲक्सेस या तिघांत. निम्मे लोक इथंच गळपटतात. कॉन्फिगरेशन प्रोफाइल सेटिंग लावतं, म्हणजे बिटलॉकर चालू कर म्हणून सांगतं. कम्प्लायन्स पॉलिसी बहुतेक करून फक्त बघते, बिटलॉकर चालू आहे का, नसेल तर मशीनवर नापास असा शिक्का मारते, आणि तेवढंच, कुणाला अडवत नाही. अडवतं ते कंडिशनल ॲक्सेस, ते दारात उभं राहून शिक्का बघतं आणि मेल उघडू द्यायचा की नाही ते ठरवतं. आता मजा बघ, ज्या मशीनला कुठलीच कम्प्लायन्स पॉलिसी लावलेली नाही त्याला इंट्यून डीफॉल्टने पासच धरतं. ही सेटिंग बदलता येते, पण मुद्दाम बदलावी लागते. म्हणजे तू पॉलिसी केलीस, ग्रुप लावायला विसरलीस, आणि रिपोर्टमध्ये सगळं हिरवंगार दिसतंय.

हे करून बघताना ट्रायलमध्ये पाच-सहा खोटे युजर बनव, रिसेप्शन, बिलिंग, लॅब, डॉक्टर असे, आणि कंडिशनल ॲक्सेसची पॉलिसी सगळ्या युजरना लावायच्या आधी एक ॲडमिन अकाउंट त्यातून वगळून ठेव. नाहीतर स्वतःच्याच टेनंटच्या, म्हणजे क्लाउडमधल्या संस्थेच्या जागेच्या, बाहेर उभी राहशील आणि आत घ्यायला कुणी नसेल. ट्रायलमध्ये झालं तर हसून सोडता येतं, हॉस्पिटलमध्ये झालं तर मॅनेजमेंट हसणार नाही.

अजून एक, पॉलिसी पाठवली की ती लगेच पोचत नाही आणि तुझ्यासारख्या हातोहात काम करणाऱ्या माणसाला हे फार छळतं. नवीन एनरोल झालेलं विंडोज मशीन पहिली १५ मिनिटं दर ३ मिनिटांनी विचारतं, मग २ तास दर १५ मिनिटांनी, आणि त्यानंतर साधारण ८ तासांनी एकदा. घाई असेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये अकाउंट्स, तिथं ॲक्सेस वर्क ऑर स्कूल, तिथं इन्फो आणि सिंक. ॲप बसलं नाही तर प्रोग्रामडेटामध्ये मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात इंट्यून मॅनेजमेंट एक्स्टेन्शनचे लॉग असतात, ते एकदा तरी उघडून वाच. एखादं साधं सॉफ्टवेअर, समजा सेव्हन-झिप, इंट्यूनविनच्या पॅकेजमध्ये गुंडाळून पाठव, मुद्दाम डिटेक्शन रूल चुकीचा दे, आणि बघ काय होतं. सॉफ्टवेअर मशीनवर नीट बसलेलं असतं, चालत पण असतं, आणि इंट्यून मात्र फेल म्हणून दाखवतं, कारण ते बसलं का हे शोधायला तू त्याला चुकीच्या जागी पाठवलंयस. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की डिटेक्शन रूलवरचा प्रश्न आयुष्यात चुकणार नाही.

इंग्रजीचं एवढं मनावर घेऊ नको. परीक्षा मराठीत किंवा हिंदीत नाही, पण तुमच्या भाषेत परीक्षा नसेल तर ३० मिनिटं जास्तीची मागता येतात, हे फार कमी जणांना माहीत असतं. मात्र ती परीक्षा बुक करायच्या आधी मागायची, मंजूर झाली की मग तारीख घ्यायची. तसंच परीक्षेच्या आत मायक्रोसॉफ्ट लर्न उघडायला परवानगी असते, पण घड्याळ थांबत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्नाला तिकडे पळायचं नाही, एखादा आकडा किंवा कुठल्या एडिशनला काय चालतं एवढंच बघायला जायचं. आत्तापासून घरी लर्नवरच शोधायची सवय लाव, गुगलवरून नको, कारण तिथं गुगल नसतं. आणि काही प्रश्न असे असतात की एकच परिस्थिती देऊन 'याने काम होईल का, हो की नाही' असं लागोपाठ विचारतात, तिथं पुढे गेलं की मागे येता येत नाही, घाईत नेक्स्ट दाबू नको.

परीक्षा घरून पण देता येते. पण खरं सांगू का, तुझ्या घरून नको देऊस. खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, फोन जवळ नको, टेबल रिकामं, प्रश्न पुटपुटत वाचलेलं सुद्धा चालत नाही, कॅमेऱ्यातून माणूस बघत असतो. चार वर्षांच्या मुलीला दीड-दोन तास दार वाजवायचं नाही हे कोण समजावणार? वर लाइट गेली की संपलं. बुकिंगच्या वेळी पिनकोड टाकून जवळचं सेंटर कुठलं निघतं ते बघ, पुण्याचं निघालं तर पहाटेच्या हुतात्माने जा, दुपारचा स्लॉट घे, संध्याकाळी परतीची हुतात्मा आहेच. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतलीस की झालं. एप्रिल-मेमधली तारीख मात्र टाळ, आपल्याकडच्या उन्हात रात्री अभ्यास होत नाही, नुसता घाम पुसणं होतं.

आणि एकदा नापास झालीस तर २४ तासांनी परत देता येते, पुढच्या खेपांना १४ दिवस थांबावं लागतं, फी दर वेळी भरायची. हॉस्पिटल एकाच वेळची फी देणार की दोन वेळची, हे आधीच विचारून ठेव, लाजू नको. त्याच मीटिंगमध्ये हेही सांग की ट्रायल संपल्यावर सरावाला बिझनेस प्रीमियमचं एक लायसन्स दोन-तीन महिन्यांसाठी घेऊन द्या. तसंही साठ मशीनच्या हॉस्पिटलला तोच प्लॅन सोयीचा पडणार, तो ३०० युजरपर्यंत चालतो. नॉनप्रॉफिट संस्थांना मायक्रोसॉफ्टचे सवलतीचे दर असतात, तुमचा ट्रस्ट त्यात बसतो का याची चौकशी तू केलीस तर मॅनेजमेंटपुढे तुझं वजन वाढेल ते वेगळंच.

क्लास नको. ज्याला शिस्त लागत नाही त्याने लावावा, तू नोकरी आणि मूल सांभाळून रात्री नऊला बसायची तयारी दाखवतेस, तुला शिस्त कुणी शिकवायची गरज दिसत नाही. अजून काही क्लासच्या बोर्डावर एमसीएसई लिहिलेलं दिसतं, ते सर्टिफिकेट जानेवारी २०२१ मध्येच बंद झालंय, असल्या ठिकाणी पाय पण ठेवू नको.

सासूबाईंना सांग की एमएससीआयटी कॉम्प्युटर वापरायला शिकवतं, आणि तुम्ही ज्या हॉस्पिटलात बीपीच्या गोळ्या घ्यायला जाता तिथले सगळे कॉम्प्युटर चालू ठेवायची ही परीक्षा आहे. पटलं नाही तरी रात्री नातीला तासभर कुशीत घेतील, ते जास्त उपयोगाचं. हे सर्टिफिकेट एकच वर्ष टिकतं हे मात्र घरी आत्ताच सांगून ठेव, नाहीतर पुढच्या वर्षी 'परत परीक्षा?' म्हणून सुरू होईल. रिन्यूअल फुकट आहे, घरी बसून, मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत लर्नवर एक छोटी असेसमेंट द्यायची, बस्स.

आणि परीक्षेच्या अकाउंटवर नाव टाकताना नीट बघ. लग्नानंतर आपल्याकडे एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये असा घोळ असतोच, आणि परीक्षेला ओळखपत्रावरचं नाव आणि बुकिंगवरचं नाव जुळलं नाही तर आत घेत नाहीत. कुठलं ओळखपत्र चालतं ते बुकिंगच्या पानावर वाच, ते कपाटातून काढ, आणि त्यावर जसं आहे अगदी तसंच नाव अकाउंटला टाक. दुरुस्ती करायला लागली तर त्यात दिवस जातात, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर न ठेवता याच आठवड्यात उरक.